शिवसागराच्या काठी : कोयना खोऱ्याचा इतिहास व प्रेक्षणीय स्थळे

॥ श्री ग्रामदैवत प्रसन्न ॥

श्रीक्षेत्र महाबळेश्वर येथे पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम मानला जातो : कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री. त्यांपैकी कोयनामाईने दक्षिणेची वाट धरली. उजव्या हाताला सह्याद्रीची मुख्य रांग आणि डाव्या हाताला बामणोलीची रांग, या दोन भिंतींच्या मधून ती वाहत जाते, हेळवाकपाशी पूर्वेस वळते आणि कऱ्हाड येथे प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते. तापोळा व बामणोलीच्या परिसरात तिला सोळशी आणि कांदाटी या दोन नद्या येऊन मिळतात. हाच तो त्रिवेणी संगम. आज तेथे तीन प्रवाह वेगळे दिसत नाहीत. डोंगरांच्या पायथ्यांना भिडलेले निळे पाणी तेवढे दिसते. त्या पाण्याला शिवसागर जलाशय म्हणतात. त्याची लांबी सुमारे ५० कि.मी. आहे.

दरवर्षी हजारो पाहुणे हे पाणी पाहण्यासाठी येतात. कोणी या भागास छोटे काश्मीर म्हणतात. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने गावी येणाऱ्या भाविकांना, देणगीदारांना आणि मुंबई-पुण्यात वाढलेल्या नव्या पिढीला या खोऱ्याची ओळख व्हावी, पाहण्याजोगी स्थळे कळावीत, आणि त्या पाण्याच्या तळाशी काय आहे याचेही स्मरण राहावे, एवढा या लेखाचा हेतू आहे.

जावळीचे खोरे

शिवपूर्वकाळी हे सारे रान जावळीच्या मोऱ्यांच्या अमलाखाली होते. दाट झाडी, अवघड घाट आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांमुळे बाहेरच्या फौजेला येथे शिरणे कठीण जाई. इ.स. १६५६ च्या आरंभी छत्रपती शिवाजी महाराजांनी जावळी जिंकली. त्यानंतर प्रतापगड उभा राहिला, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच गडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. हे रान जाणणाऱ्या आणि डोंगरात वाढलेल्या माणसांच्या बळावर स्वराज्याचा पाया भक्कम झाला, हे या खोऱ्याचे पहिले भूषण होय.

इतिहासाच्या पुस्तकात न आलेले जीवन मात्र साधे आणि कष्टाचे होते. नदीकाठच्या सपाट जमिनीत भात, उतारावर नाचणी व वरी, दावणीला दोन-चार जनावरे आणि उन्हाळ्यात रानमेवा. कोकणात उतरणाऱ्या पायवाटांनी मीठ, मासळी आणि सोयरिकी येत-जात. गावोगाव ग्रामदैवताची देवळे होती आणि डोंगरमाथ्यांवर महादेवाची ठाणी होती. घोणसपूरचा मल्लिकार्जुन, पर्वत येथील जोम मल्लिकार्जुन, चकदेवचा शैल चौकेश्वर आणि तापोळ्याच्या परिसरातील उत्तरेश्वर ही त्यांतील प्रसिद्ध शिवस्थाने आजही जागती आहेत.

धरण आणि बुडीत गावे

स्वातंत्र्यानंतर कोयना जलविद्युत प्रकल्पाचे काम इ.स. १९५४ मध्ये सुरू झाले. पाटण तालुक्यात हेळवाकजवळ सुमारे १०३ मीटर उंच आणि ८०० मीटरांहून अधिक लांब धरण उभे राहिले. पाणी पूर्वेस न सोडता सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेस न्यावे, पोफळीच्या बाजूस खोल उतरवून त्यावर वीज निर्माण करावी आणि मग ते वाशिष्ठी नदीत सोडावे, अशी ही योजना. भूमिगत वीजगृहातील पहिले जनित्र इ.स. १९६२ मध्ये सुरू झाले. पुढे टप्प्याटप्प्याने प्रकल्प वाढत गेला, आणि आज त्याची एकूण क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात ते यामुळेच.

ती भाग्यरेषा या खोऱ्याच्या शेतांवरून ओढली गेली. शंभराच्या घरात गावांना झळ पोचली आणि हजारो कुटुंबे उठली. नदीकाठची कसदार भातखाचरे प्रथम पाण्याखाली गेली, कारण ती सर्वांत खाली होती. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात इ.स. १९७६ मध्ये झाला. कोयनेची गावे त्यापूर्वीच उठली होती. कोणी रायगड, ठाणे, रत्नागिरी, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांत गेले, तर कोणी घराचे वासे व कौले काढून त्याच डोंगरावर वरच्या अंगाला झोपड्या बांधल्या. जाताना लोकांनी देव मागे ठेवले नाहीत. शेंदराचे तांदळे, टाक, पालखीचा दांडा आणि देवळातली घंटा डोक्या-खांद्यावरून वर नेली गेली. ज्या देवळाचा आज जीर्णोद्धार होत आहे, त्या देवळातील देवतेनेही हा प्रवास केलेला आहे. वरच्या जागी प्रथम कुडाचे छप्पर, मग पत्र्याचे आणि आता दगडी चिऱ्यांचे मंदिर, अशी देवाची आणि गावाची घडण बरोबरच झाली.

त्या आघातातून लोक सावरतात न सावरतात तोच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगर व आसपासची घरे कोसळली आणि सुमारे १८० माणसे दगावली. त्या रात्रीची आठवण ज्येष्ठ मंडळी अजून दबक्या आवाजातच सांगतात.

पोटासाठी खोऱ्यातील तरुण मुंबईस गेले. गिरण्या, गोदी, बाजारपेठा या ठिकाणी त्यांनी अंगमेहनत केली. गावकीच्या एका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपली. इ.स. १९६९ मध्ये माथाडी कामगारांचा कायदा झाला, त्याचा लाभ याच भागातील अनेक घरांना झाला. इ.स. १९८२ च्या गिरणी संपानंतर कित्येकांची चूल पुन्हा गावाकडे आली. कोयनेची वीज शहरांच्या कारखान्यांकडे गेली आणि कोयनेची माणसेही तिच्यामागून तिकडेच गेली. खोऱ्यातील दुर्गम वाड्यांत मात्र दिवा लागायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. आज या मंदिरासाठी सढळ हाताने देणगी देणारे चाकरमानी बांधव म्हणजे त्याच पिढीची मुले-नातवंडे होत.

जलाशयावरील नौकाविहार

पूर्वी पलीकडच्या गावी जायचे तर नदीतून चालत जाता येई. धरणानंतर तीच वाट मैल-दीड मैलाचे पाणी झाली. म्हणून लाँच आणि तराफा हे येथले एस.टी.इतकेच महत्त्वाचे वाहन बनले. आजारी माणूस, नवरी मुलगी, शाळेची पोरे, धान्याची पोती आणि मुंबईहून आलेली पार्सले, सारे पाण्यावरूनच गेले. ज्यांच्या घरांवर पाणी चढले, त्यांच्याच मुलांनी त्या पाण्यावर बोट चालविण्याची विद्या आत्मसात केली. पुढे तापोळा, बामणोली येथे स्थानिक तरुणांनी बोट क्लब काढले. पाहुण्यांची ने-आण पाळीपाळीने करावी, म्हणजे प्रत्येक घरात चार पैसे जावेत, ही त्यामागची रीत गावकीच्या जुन्या वळणाचीच आहे.

साताऱ्याहून कासमार्गे बामणोली सुमारे ३५ कि.मी. आहे. महाबळेश्वराहून तापोळा २५ ते ३० कि.मी. घाट उतरून येते. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. त्या दिवसांत जलाशय काठोकाठ असतो आणि सकाळी पाण्यावर धुके असते. त्रिवेणी संगम व काठावरील दत्तमंदिर बोटीने पाहता येते. संगमावर बोट थांबवून इंजिन बंद केले की तिन्ही खोऱ्यांतून येणारा वारा अंगाला लागतो. पाहुण्यांनी येथे क्षणभर शांत बसावे.

मार्चनंतर पाणी ओसरू लागते. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेस किती वळवावे यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टी.एम.सी. अशी मर्यादा घातली आहे. एवढे पाणी वर्षभरात उतरते, शिवाय सिंचनासाठी पूर्वेसही सोडले जाते. त्यामुळे मे महिन्यात बोटींचा धक्का खाली सरकतो आणि काठावर मैलोगणती चिखलाचा व भेगाळलेल्या मातीचा पट्टा उघडा पडतो. त्या गाळपेर जमिनीत कोणी थोडेफार पीक काढतो. पाणी फारच खाली गेले तर जुन्या गावांच्या जोती, विहिरींचे कठडे आणि देवळांचे दगड वर येतात. म्हातारी माणसे नातवाचा हात धरून तेथे जातात, आणि ही आपली ओसरी, हा गोठा, येथे पार होता, असे बोटाने दाखवितात. पाहुण्यांनी हे अवशेष अवश्य पाहावेत, परंतु दगड हलवू नयेत. ती कोणाच्या तरी घराची चौकट असते.

किल्ले वासोटा

या परिसरातील सर्वांत थरारक स्थळ म्हणजे वासोटा ऊर्फ व्याघ्रगड. याच्या उभारणीचे श्रेय परंपरा शिलाहार भोजराजास देते. जावळीनंतर इ.स. १६६० मध्ये हा किल्ला स्वराज्यात आला. घनदाट अरण्य आणि सरळ तुटलेले कडे यांमुळे कैदी ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होई. पेशवाईच्या उत्तरकाळात पंतप्रतिनिधींच्या पक्षाची ताई तेलीण हिने हा गड पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याविरुद्ध कित्येक महिने लढविला. एका स्त्रीने या रानात दिलेली ती झुंज खोऱ्यातील लेकी-सुनांना सांगण्यासारखी आहे. शेवटच्या इंग्रज-मराठा युद्धात हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी येथे कैदेत होते. इ.स. १८१८ मध्ये तोफांचा मारा करून इंग्रजांनी गड घेतला.

बामणोलीहून बोटीने सुमारे एक ते दीड तासात मेट इंदवलीच्या काठाला लागता येते. मेट इंदवली हे एके काळचे नांदते गाव. आज तेथे वस्ती नाही, फक्त खुणा आहेत. तेथून दाट जंगलातून दोन तासांची चढण आहे. गडावर मारुतीचे उघडे मंदिर, महादेवाचे देऊळ, पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा आणि वाड्यांचे अवशेष आहेत. बाबूकड्यावर उभे राहिले की समोर जुना वासोटा आणि खाली कोकणाचे तळ दिसते. पट्टीच्या डोंगर चढणाऱ्यांनी वाटाड्या घेऊन नागेश्वराच्या गुहेतील शिवलिंगाचेही दर्शन घ्यावे.

हा भाग कोयना अभयारण्यात येतो. अभयारण्य इ.स. १९८५ मध्ये घोषित झाले, आणि इ.स. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. म्हणून वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, गडावर मुक्कामास बंदी आहे, आणि पावसाळ्यात मार्ग बंद असतो. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या आणि आपल्या राज्याचा प्राणी शेकरू यांचे हे घर आहे. येथे एक गोष्ट नमूद करणे प्राप्त आहे. पाण्यापुढे वर सरकलेल्या काही गावांना अभयारण्यासाठी दुसऱ्यांदा उठावे लागले. जंगल राखण्यासाठी त्यांनी दिलेली ही किंमत आहे. त्या जंगलात प्लास्टिकची बाटली टाकणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे.

चकदेव, पर्वत आणि कास

पायी हिंडण्याची हौस असणाऱ्यांसाठी कांदाटी खोऱ्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या धारेवरील चकदेव, पर्वत व महिमंडणगड ही ठिकाणे आहेत. चकदेवहून कोकणात उतरणारी शिडीची वाट प्रसिद्ध आहे. कड्याला लावलेल्या शिड्यांवरून डोक्यावर ओझे घेऊन स्त्रिया चढत-उतरत असत. आज साहसी तरुण दोर बांधून ज्या वाटेने जातात, ती या भागातील माणसांची बाजाराला जायची वाट होती.

बामणोलीच्या वाटेवर साताऱ्यापासून सुमारे २५ कि.मी. अंतरावर कासचे पठार लागते. वरवर पाहता ते उघडे कातळ आहे. पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, तेरडा, सीतेची आसवे, गेंद, कवला, चवर अशा फुलांचे गालिचे तेथे पसरतात. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदाच फुलते. कोयना अभयारण्य आणि कासचे पठार यांचा इ.स. २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. कासला गर्दीने फुले तुडवली जाऊ लागली, तेव्हा स्थानिक गावांच्या समितीने व वनखात्याने दिवसाकाठी येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि आगाऊ नोंदणी सुरू केली. गावाने मनावर घेतले तर पाहुण्यांना शिस्त लावता येते, हा धडा तेथून घेण्यासारखा आहे. तसेच महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव इ.स. २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. मधमाशीला जंगल लागते आणि जंगल राखले तर गावाला उत्पन्न मिळते, हे त्या गावाने दाखवून दिले.

पाहुणचार आणि मर्यादा

गेल्या काही वर्षांत खोऱ्याचे चित्र झपाट्याने पालटत आहे. शेतावर तंबू आणि राहण्याच्या खोल्या झाल्या. इ.स. २०१९ मध्ये नवीन महाबळेश्वर गिरिस्थान विकासाची घोषणा झाली. इ.स. २०२४ मध्ये जावळी तालुक्यातील मुनावळे येथे शासनाचे जलपर्यटन केंद्र सुरू झाले. तापोळा व अहीर यांना जोडणाऱ्या पुलाचे काम हाती घेण्यात आले. या सुधारणांचे स्वागतच केले पाहिजे. रात्री-अपरात्री बाळंतीण घेऊन बोटीची वाट पाहणाऱ्या माणसाला पुलाची किंमत सांगावी लागत नाही. गावातच रोजगार मिळाला तर मुंबईच्या खोलीत पोरगा पाठवावा लागणार नाही.

परंतु रस्त्याबरोबर जमिनीचे गिऱ्हाईकही येते. पहिल्यांदा जमीन पाण्याने घेतली, तेव्हा लोकांच्या हाती काही नव्हते. आता ती सही-अंगठ्याने जाते, आणि ते आपल्या हाती आहे. काठावरची वडिलोपार्जित जमीन विकून त्याच जमिनीवरील हॉटेलात भांडी घासण्याची वेळ पुढच्या पिढीवर येऊ नये. जमीन राखावी, भाड्याने द्यावी, चार भावकींनी मिळून खोल्या काढाव्यात, पाहुण्यास नाचणीची भाकरी, माशाचे कालवण आणि चुलीवरचा भात घालावा. येणाऱ्याला अशाच जेवणाची ओढ असते.

पाहुण्यांनीही काही पथ्ये पाळावीत. बोटीत बसताना जीवरक्षक जाकीट घालावे. अनोळखी काठावरून पोहण्यास उतरू नये, कारण पाण्याखाली बांध, खड्डे, झाडांची खोडे आणि गुडघाभर गाळ आहे. वरून शांत दिसणारे पाणी एका पावलावर खोल होते. मद्यपान करून काठावर गोंधळ घालू नये. रात्री मोठ्या आवाजात गाणी लावू नयेत. आपला कचरा आपल्याबरोबर परत न्यावा. देवळात येताना पायताण बाहेर काढावे, आणि दोन मिनिटे सभामंडपात टेकावे. येथे कोणालाही मज्जाव नाही.

समारोप

मंदिराच्या नव्या सभामंडपातून समोर पाहिले की थेट जलाशय दिसतो. पाहुण्याला तो रम्य देखावा वाटेल, आणि तो रम्य आहेच. गावच्या माणसाला मात्र त्या पाण्यात आपले जुने देऊळ, पार आणि शेत दिसते. देवाचे तोंड त्या पाण्याकडे आहे, यातच सारे आले. उत्सवाला मुंबई, पुणे, ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर येथून विखुरलेली कुटुंबे येतात, पालखी निघते, लेकी माहेरी येतात आणि बुडालेले गाव दोन दिवस पुन्हा भरते. शहरात वाढलेल्या मुलांनी या वेळी बोटीत जरूर बसावे, वासोटा चढावा, कासची फुले पाहावीत. मात्र परत जाण्यापूर्वी आजोबांना एकदा विचारावे की आपले घर पाण्यात नेमके कोठे होते. सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

ज्या ज्ञात-अज्ञात देणगीदारांनी पैसा दिला, ज्यांनी दगड-वाळू वाहिली, ज्या माउल्यांनी श्रमदानाच्या दिवशी भाकऱ्या भाजल्या, त्या सर्वांचे हे मंदिर आहे. पाण्यातून उठून वर आलेल्या देवतेने या खोऱ्यातील माणसांना आपल्या जमिनीवर पाय रोवून उभे राहण्याचे बळ द्यावे, काठावर आलेल्या पाहुण्यास सुखरूप घरी पोचवावे, आणि कोयनामाईने सर्वांवर कृपादृष्टी ठेवावी, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥